मानाचा रंग

आमच्या वाडीत रंगांवर पोट भरणारी माणसं दोन. एक भाई. तो मालवणच्या बंदरात होड्या रंगवतो आणि संध्याकाळी घरी येतो तेव्हा कोपरापर्यंत निळा-पिवळा झालेला असतो. दुसरा माझा चुलत दीर प्रीतम धुरी. त्याच्या अंगावर रंगाचा ठिपका कधी कोणी पाहिलेला नाही, पण रंगांबद्दल बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होतो.

मी शर्मिला. माझं माहेर तळेऱ्याचं. लग्नाआधी तिथे आणि आता मालवणच्या बाजारात मी कॉम्प्युटरचा क्लास चालवते. म्हणजे प्रीतम काय काम करतो हे वाडीत समजणारी मी एकटी, आणि म्हणून त्याच्या बढाया ऐकायची शिक्षाही मलाच. आमचं आणि त्यांचं घर मुळात एकच, मध्ये भिंत घातलेली. अलीकडे मी आणि माझा नवरा सुशांत. पलीकडे प्रीतम, त्याची धाकटी बहीण दीपिका आणि त्यांचे वडील बाबलीकाका. भिंत छपरापर्यंत पोचत नाही, वर हातभर मोकळी जागा आहे. तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं, मला मुद्दाम कान लावावे लागत नाहीत.

प्रीतम पुण्याच्या एका कंपनीत होता. सगळे घरून काम करायला लागले तेव्हा तोही घरी आला आणि परत गेलाच नाही. ही कंपनी ‘पाटी’ नावाचा टेक्स्ट एडिटर बनवते. टेक्स्ट एडिटर म्हणजे ज्यात नुसता मजकूर लिहायचा, प्रोग्रॅम लिहिणारे लोक दिवसभर ज्यात तोंड घालून बसलेले असतात, तो. त्यातल्या रंगांचं खातं प्रीतमकडे. पडद्याची पार्श्वभूमी कुठल्या रंगाची, अक्षरं कुठल्या रंगाची, चूक झाली तर तिच्याखालची रेघ कुठली, हे सगळं मिळून एक थीम. काम एवढंच. पण हा जत्रेत भेटलेल्या पाहुण्यालाही गंभीर चेहऱ्याने सांगणार, ‘मी कलर थीम इन्हेरिटन्सचं डिझाइन करतो.’ पाहुणा बिचकून म्हणतो, ‘बरा बरा,’ आणि खाज्याच्या दुकानाकडे सटकतो.

खरं तर गोष्ट सोपी आहे. क्लासमधल्या मुलींना मी ती बांगड्याच्या तिखल्यावर शिकवते. सून सासूच्या हाताखाली तिखलं शिकली. तिचं सगळं सासूसारखंच, फक्त मिरची कमी. मग तिने अख्खी कृती पुन्हा लिहून काढायची गरज काय? ‘सासूसारखंच, मिरची कमी’ एवढं लिहिलं की पुरे. थीमचं तसंच. एक पालक थीम असते, एक पोर थीम. पोर आपल्या पालकाचं नाव सांगते आणि जेवढं बदलायचं तेवढंच लिहिते, बाकीचं पालकाकडून येतं. सासूने उद्या तिरफळं वाढवली तर सुनेच्या तिखल्यातही वाढतील. पण मिरची सुनेने स्वतः ठरवलेली आहे, तिला सासूचा हात लागणार नाही. जगभर हाच नियम चालतो आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही. तो मोडायची बुद्धी धुऱ्यांच्या घरातच व्हायची होती.

ती का झाली हे कळायला बाबलीकाकांचा मान माहीत हवा. गावची पालखी उठते तेव्हा पहिला खांदा धुऱ्यांचा, असं धुरी म्हणतात. पहिला खांदा आमचा, असं खालच्या वाडीवालेही म्हणतात. यावरून एका जत्रेत हमरीतुमरी झाली, पोलीस आले, आणि तेव्हापासून पालखी उठलेलीच नाही. देवळाच्या मागच्या खोलीत ती कुलपात आहे. प्रीतम तेव्हा शाळेत होता. देव इतकी वर्षं गाभाऱ्यात बसून आहे, त्याला गावातून एक फेरी मारावीशी वाटते का, हे विचारायला कोणाला सवड नाही. मान मात्र शाबूत आहे. बाबलीकाका रोज संध्याकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, ‘मान सोडूचो नाय. एकदा सोडलो की गेलो.’ प्रीतम हेच ऐकत मोठा झाला. पुण्यात शिकला, नोकरीला लागला, इंग्रजीत भांडायलाही शिकला. डोक्यातली पालखी तशीच कुलपात राहिली.

दीपिकाचं दुखणं वेगळं. तिला जन्मापासून उजेड सोसत नाही. दुपारी खळ्यातून चालताना कपाळावर आडवा हात धरते. पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं आणि अक्षरं विरून जातात. हे असंच राहणार, सांभाळून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. तिने सांभाळून घेतलं. पाटीत तिने स्वतःपुरती एक थीम बनवली. पार्श्वभूमी शेवाळासारखी काळपट हिरवी, वर हळदीच्या रंगाची मोठी अक्षरं. चुकांखालची लाल रेघ तिला त्या हिरव्यावर दिसेना, म्हणून ती आकाशी केली. थीमचं नाव ठेवलं ‘कातरवेळ’, कारण अख्ख्या दिवसात तिला नीट दिसतं ते त्याच वेळेला. पालक थीम म्हणून तिने पाटीची मूळ थीम घेतली होती. तिचं नाव प्रीतमने ‘मूळपुरुष’ ठेवलं होतं. दुसरं काय ठेवणार?

ही कातरवेळ लावून दीपिका मुंबईच्या एका संस्थेसाठी सिनेमांखाली उमटणाऱ्या मराठी ओळी लिहायची. कानाने ऐकायचं, लिहायचं, प्रत्येक ओळीपुढे ती कधी उमटायची आणि कधी जायची ती वेळ टाकायची. पावसाळ्यापर्यंतचं काम पाहून संस्था तिला कायम घेणार होती. उन्हात तिला रस्ता दिसत नाही, एसटीची पाटी वाचता येत नाही. बाहेर जाऊन करायच्या नोकऱ्या तिच्या वाट्याला येणाऱ्या नव्हत्या. ही नोकरी म्हणजे तिला स्वतःच्या पायावर उभं राहायची एकच जागा होती. ती हे कधी बोलून दाखवायची नाही. घरात कोणी विचारायचंही नाही.

अशात पाटीच्या कोणा थीमवाल्याची तक्रार आली. त्याच्या थीमला पालक करून दुसऱ्या कोणी पोर थीम काढली होती आणि त्यात चुकांची लाल रेघ गुलाबी केली होती. त्याला ते सहन होईना. धड डोक्याच्या माणसाने ‘बरं, मग?’ एवढं उत्तर पाठवून विषय संपवला असता. प्रीतम दिवसभर खळ्यात येरझाऱ्या घालत राहिला आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून ओरडला, ‘वयनी, गावला!’

मी पदराला हात पुसत तिकडे गेले. त्याला गावलं, म्हणजे सापडलं होतं, ते असं. पालक थीमने एखाद्या रंगाला मान द्यायचा. एकदा मान दिला की पोर थीमला तो रंग बदलता येणार नाही.

‘कशाक?’ मी विचारलं.

‘मान म्हणजे मान.’

‘भावजी, मगे पोर काढूचीच कशाक? पालकच वापरूचो.’

‘तुमका नाय कळाचा वयनी. तुमी तळेऱ्याची.’

हे मात्र खरं. तळेऱ्याला सगळीकडचे रस्ते फुटतात, त्यामुळे कोणी कुठल्या बाजूने गेलं तरी आमच्या पोटात दुखत नाही.

आतून दीपिकाचा आवाज आला. ‘दादा, माझ्या कातरवेळेचा काय?’

‘तुझ्या कातरवेळेक कोण हात लावता गो? मूळपुरुषात मान फक्त चुकीच्या लाल रेघेक.’

‘ती लाल रेघ माका दिसणा नाय.’

‘मगे चुको करू नको,’ असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला. बाबलीकाकाही हसले. लवकरच दीपिकाच्या पडद्यावरची आकाशी रेघ लाल झाली, म्हणजे तिच्यापुरती नाहीशी झाली, आणि ती प्रत्येक फाइल पुन्हा एकदा कानाने तपासायला लागली. काम दुप्पट वाढलं.

पुढे जे झालं ते गावातल्या कोणालाही आधीच सांगता आलं असतं. मान द्यायची सोय आहे म्हटल्यावर जो तो थीमवाला आपल्या एकूण एक रंगाला मान देत सुटला. कोण कशाला आपला रंग बिनमानाचा ठेवेल? पोर थीमना बदलायला काही उरलंच नाही. आरडाओरडा झाला. तेव्हा प्रीतमने चूक मागे घ्यायची सोडून ‘थोरला मान’ काढला, जो साध्या मानावर चालतो. मग सगळ्यांनी थोरला मान लावला. जगभरातल्या लोकांना धुऱ्यांच्या पंगतीला बसवून त्याने पहिल्या पानावरून भांडायला लावलं होतं आणि स्वतः खूश होता. कंपनीच्या पत्रकात त्याचा फोटो आला. तो त्याने बाबलीकाकांना दाखवला आणि थोरला मान समजावून सांगितला. माझ्या क्लासमध्ये माऊस धरायला शिकताना ज्यांची बोटं थरथरली होती त्या बाबलीकाकांना हे एका दमात समजलं.

‘म्हणजे पयलो खांदो.’

‘व्हय.’

बापलेकांचं इतकं एकमत मी त्या घरात पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मग पुण्यातल्या अक्षया मॅडमना, म्हणजे प्रीतमच्या साहेबांना, वाटलं की पाटी सगळ्यांकडे एकसारखी दिसावी. जाहिरातीत शोभेल अशी, मिठासारखी पांढरीशुभ्र. मॅडमनी नुसतं ‘वाटतं’ म्हटलं होतं. प्रीतमने मूळपुरुषाची पार्श्वभूमी पांढरी केली आणि त्या पांढऱ्याला थोरला मान देऊन टाकला. दीपिकाला त्याने सांगितलंसुद्धा नाही. मुद्दाम लपवलं असतं तर मला इतकी चीड आली नसती. तो विसरला. भिंतीपलीकडच्यांचं जाऊ दे, एकाच ताटलीतली भाकरी खाणाऱ्या बहिणीचे डोळे विसरला. त्या पांढऱ्याचा रंगक्रमांक मात्र त्याला तोंडपाठ होता.

ती पांढरी पाटी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आपोआप येऊन बसली ती वैशाखातल्या एका सकाळी. त्याच सकाळी देवळात पालखीच्या मानाची बैठक होती. बाबलीकाका आणि प्रीतम इस्त्रीचे सदरे घालून गेले होते. देवळात फोन वाजला तर बोलणी फिसकटतील, म्हणून काकांनी लेकाचा फोन बंद करायला लावला होता.

‘वयनी, वायच येशात?’ दीपिकाने भिंतीपलीकडून हाक मारली. आवाज साधाच होता, पण मी हातातली विळी खाली ठेवून धावले. ती ओढणी डोळ्यांवर दाबून बसली होती. पडद्यावर पांढरा झोत, आणि त्याच्यावर तिची हळदीची अक्षरं. मला, धडधाकट डोळ्यांच्या बाईला, एक ओळ लागेना. संस्थेला दाखवायचा शेवटचा सिनेमा अर्धा व्हायचा होता आणि दुपारपर्यंत पाठवायचा होता.

मी पार्श्वभूमी बदलायला गेले. पडद्यावर प्रीतमच्या शब्दांत सूचना आली, ‘हा रंग मानाचा आहे. बदलता येणार नाही.’ दुसरी थीम लावली, तिसरी लावली. सगळी मूळपुरुषाचीच पोरं, सगळी पांढरी. पडद्याचे रंगच उलटे करून पाहिले, तर काळ्यावर निळी अक्षरं आली, ती तिला पांढऱ्याहून वाईट. दुसरा एडिटर उतरवायला लावला, तर वाडीतलं नेट दुपारच्या म्हशीसारखं बसलेलं. प्रीतमचा फोन बंद. शेवटी सुशांतला मोटरसायकलवरून देवळात पिटाळलं. तो एकटाच परत आला.

‘काका म्हणतत, मानाची बोलणी चालू आसत, मधी उठूचा नाय.’

‘आणि प्रीतम?’

‘तो नाय उठलो.’

मग मी अक्षरं काळी करून घेतली आणि खुर्चीत बसले. दीपिका डोळे मिटून ऐकायची आणि ओळी सांगायची, मी टाइप करायची, वाचून दाखवायची. शब्द तिचे चोख होते. वेळा माझ्या चुकल्या. त्या कामाला तिची बोटं सरावलेली, माझी नाहीत, आणि चुका दाखवणाऱ्या लाल रेघांकडे घाईत माझंही लक्ष राहिलं नाही. ओळींची फाइल हलकी, ती त्या नेटवरूनही वेळेत गेली, पण सिनेमातली माणसं तोंड उघडायच्या आधीच त्यांचं बोलणं खाली उमटत होतं. हे आम्हाला पाठवल्यावर कळलं.

संध्याकाळी बापलेक गळ्यात हार घालून आले. ‘मान रवलो!’ असं बाबलीकाका खळ्यातूनच ओरडले. पहिला खांदा धुऱ्यांचा हे खालच्या वाडीने मान्य केलं होतं. का मान्य केलं ते पेढा हातात पडल्यावर समजलं. बैठकीत खोलीचं कुलूप काढलं, तेव्हा पालखीचा दांडा आतून वाळवीने खाल्लेला निघाला. हात लावला तिथे भुसा. पालखी उचलण्याजोगी राहिलेलीच नव्हती, आणि नवी करायची की नाही, केली तर कोणी करायची, यावर पुढची बैठक ठरली होती. न उठणाऱ्या पालखीचा पहिला खांदा जिंकून आमचे मानकरी पेढे वाटत होते.

मी पेढा परत ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं. प्रीतमचा चेहरा क्षणभर पडला. मग तो सावरला, सावरण्यात हे लोक पटाईत.

‘आता एकदम बदलूक येवचा नाय. थोरलो मान काढूचो तर अक्षया मॅडमांक इचारूक व्हया. पुढच्या आवृत्तीत मी पोर थीमीक अर्ज करूची सोय करतंय.’

‘अर्ज कोणाक करूचो?’ दीपिकाने विचारलं. ओढणी अजून डोळ्यांवरच होती.

‘पालक थीमीक.’

‘म्हणजे तुका.’

‘माका न्हय गो. मूळपुरुषाक.’

‘तुमच्या मूळपुरुषाक डोळे आसत काय ओ भावजी?’ मी विचारलं. खूप काही बोलले मी त्या संध्याकाळी, सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. बाबलीकाका म्हणाले, बाहेरून आलेल्या बायांनी घरच्या मानात तोंड घालू नये. मी म्हटलं, तोंड नाही, चप्पल घालायची वेळ आली आहे. सुशांतने मला हाताला धरून आमच्या बाजूला आणलं.

संस्थेने चार दिवसांनी गोड शब्दांत नकार कळवला. त्यांना तिचे डोळे माहीत नव्हते, वेळा चुकलेल्या दिसल्या, त्यांचा काय दोष? दीपिका रडली. तिला धड रडणंही सोसत नाही, पापण्या कितीतरी दिवस सुजलेल्या राहिल्या. भिंतीवरच्या त्या मोकळ्या जागेतून तिचे हुंदके मला ऐकू यायचे, आणि त्याच जागेतून बाबलीकाका नव्या दांड्याला फणसाचं लाकूड बरं की सागाचं ते बोलत असायचे. माझ्या हातून भांडी आपटली जायची.

डोळे निवल्यावर तिने पाटी काढून टाकली आणि दुसऱ्या कुठल्याशा फुकटच्या एडिटरमध्ये कातरवेळ नव्याने बांधली. या खेपेला कोणाकडून काही घ्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून प्रत्येक रंग स्वतः लिहिला, अगदी कोपऱ्यातल्या आकड्याचासुद्धा. मी शेजारी बसून मदत केली. पालकाचं नाव लिहायची जागा आली तेव्हा तिने ती कोरी सोडली. आकाशी रेघ परत आली. मग तिने ती थीम कोणालाही घेता येईल अशी ठेवून दिली. तिच्यासारख्या डोळ्यांच्या माणसांचे निरोप यायला लागले, कोणी फोंडाघाटातून, कोणी पार आसामातून. शाळांसाठी माहितीपट करणाऱ्या एका लहान संस्थेने थोडं काम दिलं. कायमचं नाही, पण काम होतं.

प्रीतम तिच्याशी जपून बोलायचा. माझ्याशी बोलायचाच नाही. मला त्याचं सुखच वाटत होतं.

पावसाळ्यात एका दुपारी टाकळ्याची भाजी केली होती, ती द्यायला मी पलीकडे गेले. प्रीतमच्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. तो पाटीच्या पुढच्या आवृत्तीचा प्रोग्रॅम लिहीत होता. पडदा शेवाळासारखा काळपट हिरवा होता आणि त्याच्यावर हळदीची मोठी अक्षरं होती.

मी वाटी घेऊन दारातच उभी राहिले. पांढरी पाटी जगाच्या गळ्यात बांधणारा आमचा मानकरी दुसऱ्याच्या एडिटरमध्ये, बहिणीच्या थीममध्ये बसून ती पाटी बनवत होता.

‘ह्या काय ओ, भावजी?’

तो दचकला आणि खिडकी बंद करायला गेला, पण गडबडीत त्याला बटण सापडेना. ‘पांढऱ्यान डोळे दुखतत, वयनी,’ तो पुटपुटला. ‘दिवसभर बघवणा नाय.’

मी मुद्दाम मोठ्याने हाक मारली. ‘दीपिका, हडे ये गो!’

ती आली. सवयीने कपाळावर हात धरून आली, पण त्या खोलीत त्याची गरज नव्हती. पडद्याजवळ वाकली, अगदी नाक टेकेल इतकी, आणि तिने ओळखलं. प्रीतम मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, आता तरी हा माफी मागेल.

तो म्हणाला, ‘दीपू, ही आकाशी रेघ माका नीट दिसणा नाय. लाल करू काय?’

दीपिकाने हात कपाळावरून खाली घेतला.

‘माका कित्याक इचारतंस, दादा? व्हयी ती कर. हेच्यात कोणाचो मान नाय.’

आणि ती आपल्या खोलीत निघून गेली. तिचं काम राहिलं होतं. मी भाजीची वाटी टेबलावर ठेवली आणि घरी आले. जाता-येता त्या दारातून अजून माझी नजर जाते. रेघ आकाशीच आहे.